अर्धा गोळा काळं

डेल्मर अँटोनने आयुष्यात हजारभर झाडं तोडली असतील, पण जे तोडायचं नव्हतं नेमकं ते त्याने फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, सकाळी नऊच्या आत, अगदी समाधानाने तोडलं.

तसं पाहिलं तर झाडाचीही थोडी चूक होती. कोरड्या ओढ्याच्या काठावर, गुरांच्या मोडक्या कुंपणामागे ते मेस्किटचं काटेरी झाड उभं होतं. एका माणसाच्या कवेत मावणार नाही एवढं, आणि मध्यावर उभं चिरलेलं. चिरेतून खोडावर काळा ओघळ उतरलेला, डांबर फासल्यासारखा. लाकूडतोड्याच्या लेखी असं झाड म्हणजे आजारी झाड, आणि आजारी झाड आधी काढायचं, म्हणजे धडधाकट झाडांना आणखी एक वर्ष मिळतं. हा नियम डेल्मरला त्याच्या बापाने घालून दिला होता आणि तो पाळताना डेल्मरला आपण रानावर उपकार करतोय असं वाटे. ओघळाखाली तारेने बांधलेला कॉफीचा पत्र्याचा डबा लटकत होता. रानात झाडाला डबा कोण बांधतं, असा विचार कोणीही केला असता. डेल्मरनेही केला. पोरांनी नेमबाजीला लावला असणार, असं त्याने ठरवून टाकलं. डब्याला एकही भोक नव्हतं, ही गोष्ट त्याने फारशी मनावर घेतली नाही. आत चार बोटं काळं, चिकट काहीतरी होतं ते त्याने मातीत ओतलं, डबा वाळूने लखलखीत घासला आणि त्यात करवतीचे बोल्ट भरून ठेवले. डबा चांगला होता. चांगली वस्तू वाया घालवणं त्याला जमत नसे.

खोडाचे ओंडके दुपारी टूसॉन शहराला गेले, तिथल्या एका मटण भाजणाऱ्या हॉटेलवाल्याकडे. फांद्या नेहमीप्रमाणे अर्सुलावहिनीकडे. थोरला भाऊ ॲमस जाऊन नऊ वर्षं झाली होती, पण वहिनीला मडकी भाजायला लाकूड पोचवायचं काम डेल्मरने सोडलं नव्हतं. तिच्या हातची कॉफी आणि ताटाएवढी पातळ रोटी हा त्याचा त्या कामाचा पगार.

अर्सुला अंगणातल्या मांडवाखाली बसली होती. डेल्मरने डबा टेबलावर ठेवला आणि हलणाऱ्या टेबलाच्या पायाला बोल्ट शोधायला लागला.

"हा डबा कुठला?" अर्सुलाने विचारलं.

"सापडला. ओढ्याकडे."

"ओढ्याकडे कुठे?"

"कुंपणामागे. तुमच्या टेबलाचा पाय बघा कसा झालाय. ॲमसच्या गुडघ्यासारखा."

"आणि झाड?"

"कुठलं झाड?"

"ज्याला बांधला होता ते."

"ते होय. आजारी होतं. सकाळीच काढलं. अर्धं टूसॉनला गेलं, फांद्या तुम्हाला आणल्यात. जळायला एक नंबर आहेत."

अर्सुलाने डब्यातले बोल्ट एकेक करून टेबलावर काढले. रिकाम्या डब्यात नाक घालून वास घेतला. करवतीच्या तेलाचा वास आला असणार.

"भावोजी," ती म्हणाली.

डेल्मरचा हात थांबला. एरवी ती त्याला डेल्मर म्हणायची, नाहीतर अरे म्हणायची. लग्न होऊन या घरी आली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि त्याचे दात तिने दोऱ्याने ओढून काढले होते. भावोजी ती यापूर्वी एकदाच म्हणाली होती. ॲमसच्या दफनाला निघालेला ट्रक डेल्मरने वाळूत रुतवला तेव्हा.

"भावोजी, तुम्ही माझं काळं तोडलंत."

आता मडक्यावरची काळी नक्षी मेस्किटच्या चिकाने काढतात हे पोझो सेको गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. डेल्मरलाही होतं. पण तो चीक कुठल्याही झाडाचा चालत नाही, हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि चाळीस वर्षांत त्याने विचारलंही नव्हतं. काळं गाळतं ते म्हातारं झाड. त्याच्यावर कधीतरी वीज पडलेली असते, नाहीतर गाभ्यात काही कुजलेलं असतं, आणि मग ते वर्षानुवर्षं त्या जखमेतून थेंब थेंब गाळत राहतं. असं झाड दहा मैलांत एखादं. बायका आपलं झाड कोणाला दाखवत नसत. दाखवलं की कोणीतरी मदत म्हणून कुऱ्हाडीने आणखी चार चिरा पाडतो आणि झाड मरतं. अर्सुलाला तिचं झाड तिच्या आईने दाखवलं होतं, आईला आजीने. दिरांना दाखवायची रीत नव्हती. दिरांबद्दलचा तो अंदाज किती अचूक होता हे आता सिद्ध झालं होतं.

अर्सुला एकाहत्तर वर्षांची. बारा वर्षांची असल्यापासून ती आतून दगड धरून आणि बाहेरून लाकडी थापी मारून मडकी वाढवत आली. तिच्या लहानपणी गावात सात-आठ घरांतून तो थप थप आवाज यायचा. मग प्लास्टिकच्या बादल्या आल्या, शहरात नोकऱ्या आल्या, आणि बाहेरची गिऱ्हाइकं मडक्यांपेक्षा टोपल्या घ्यायला लागली, कारण टोपली विमानात फुटत नाही. आवाज एका घरावर आला. ॲमस असताना ती दर सणाला देवळापाशी सतरंजी टाकून मडकी विकायची आणि डेल्मर समोर उभा राहून तिचं गिऱ्हाईक पळवून लावायचा. "हे मडकं आहे की जावयाचं पोट?" "वहिनी, याचं तोंड तिरकं आहे, यात पाणी भरलं तर शेजारच्या घरात सांडेल." ती त्याच्याकडे न बघता गिऱ्हाइकाला सांगायची, "हा माझा दीर आहे. याला लहानपणी मीच वाढवलं, म्हणून असा कच्चा राहिला." चाळीस वर्षांत डेल्मरने तिच्या एकाही मडक्याला बरं म्हटलं नव्हतं, आणि दोघांचं त्यावर छान चाललं होतं.

जानेवारीत तिने एक मोठं मडकं केलं. उभ्या माणसाच्या गुडघ्याएवढं, पाण्याचं. गेरू लावून, दगडाने घोटून, एकदा भाजूनही झालं होतं. लाल, गुळगुळीत, कोरं. काळ्याची वाट बघत ते कोपऱ्यात बसलं होतं. त्यावर तिला आईची नक्षी काढायची होती. डोंगराच्या तीन पायऱ्या, पायऱ्यांच्या पोटातून निघणारा ओढा, आणि तो ओढा वळून मागच्या डोंगराच्या पाठीला लागतो. असे अकरा डोंगर मडक्याभोवती फिरतात आणि शेवटच्याचा ओढा पहिल्याच्या पाठीला बरोबर येऊन मिळतो. ही नक्षी कधी कोणी कागदावर काढली नव्हती. आईची मडकी फुटली, अर्सुलाची विकली गेली. घरात एकही उरलं नव्हतं. उरलं कसं नाही याचं कारण असं की दर वेळी गिऱ्हाईक यायचं आणि घरात पैसे लागायचे. फोटो म्हणून एकच होता, मुलीच्या लग्नातला. त्यात मागे मडकं होतं आणि मडक्यापुढे जावयाचं कोपर.

हे एक मडकं तिला विकायचं नव्हतं, मुलीला द्यायचं होतं. मुलगी व्हर्लीन फिनिक्सला एका हॉटेलात कामाला होती, रविवारी फोन करायची, आणि मडक्यांबद्दल तिने कधी काही विचारलं नव्हतं.

"तिला नको असेल तर?" डेल्मर एकदा म्हणाला होता.

"नको म्हणायला तरी समोर काहीतरी पाहिजे ना."

आणि घाई होती. साखरेने अर्सुलाचे डोळे खाल्ले होते. उजव्यात रक्त उतरलं होतं, डावा मागोमाग चालला होता. सेल्स गावच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, की निवडुंगाची फळं पिकेपर्यंत डावा टिकला तर देवाची कृपा समजा. फळं पिकतात जूनच्या अखेरीस. झाड तोडलं फेब्रुवारीत.

पुढचे तीन महिने डेल्मरने झाडं तोडली कमी आणि बघितली जास्त. ट्रक थांबवायचा, उतरायचं, हात पाठीमागे बांधून खोडाभोवती फिरायचं. गावातले लोक म्हणायला लागले, डेल्मर आता झाडांची परवानगी घेतो. त्याने ऐकून घेतलं. ओढ्याच्या वरच्या अंगाला मोठ्या शेतीवाल्यांनी खोल विहिरी पाडल्यापासून जमिनीखालचं पाणी खाली गेलं होतं आणि काठावरची म्हातारी झाडं एकामागून एक वाळली होती. वाळलेलं झाड काही गाळत नाही. लाकूड मात्र उत्तम देतं. गेली दहा वर्षं आपला धंदा इतका बरा का चाललाय, हे डेल्मरला त्या तीन महिन्यांत पहिल्यांदा कळलं.

मार्चमध्ये त्याने एका बऱ्यापैकी हिरव्या झाडाला कुऱ्हाडीने चीर पाडली आणि खाली नवा डबा बांधला. पंधरा दिवसांनी चिरेवर मधासारखे पिवळे खडे जमले. ते त्याने रुमालात बांधून वहिनीकडे आणले. चेहऱ्यावर असा भाव, की झालं ते झालं, आता विसरून जा.

अर्सुलाने एक खडा हातात घेतला, नाकाशी नेला आणि सरळ तोंडात टाकला.

"डिंक आहे."

"झाडातूनच आलाय."

"गाईतून दूध पण येतं आणि शेण पण. खा तू पण. गोड आहे. नव्या जखमेतून गोडच निघतं."

"मग काळं यायला किती दिवस लागतात?"

"या चिरेतून? वीस वर्षं थांब. तोवर तू पण गाळायला लागशील."

एप्रिलमध्ये त्याने टूसॉनहून काळ्या रंगाची नळी आणली. नळीवर लिहिलं होतं, कुठल्याही पृष्ठभागावर चालतो. अर्सुलाने एका खापरीवर बोटभर रंग लावला आणि खापरी शेगडीवर ठेवली. रंगाला फोड आले, तो फुगला, आणि टायर जळाल्यासारखा वास घरभर झाला. शेजारचं कुत्रं उठून गेलं.

"ही नळी ट्रकला लाव," ती म्हणाली. "बंपर गंजलाय तुझा."

"दिसतो तुम्हाला?"

"गेल्या वर्षी दिसला होता."

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात उजवा डोळा पूर्ण गेला. तिने ते सांगितलं नाही. कॉफी ओतताना ती कपाच्या बाजूला ओतली गेली, डेल्मरने फडकं आणून पुसलं, आणि दोघंही कपाबद्दल बोलले.

मेमधल्या क्रुसाच्या सणाला देवळाबाहेर कोणीतरी सांगितलं, की पश्चिमेकडच्या एका गावात तिबुर्सिया नावाची म्हातारी आहे आणि तिच्याकडे जुनं काळं असेल. ट्रकने दोन तासांची वाट. डेल्मर दुसऱ्याच दिवशी गेला. तिबुर्सिया मांडवात मोटारीच्या काढलेल्या सीटवर बसली होती. ऐंशीच्या पुढची, पायांवर गोधडी, पायाशी दात पडलेलं कुत्रं.

"कोणाचा तू?"

"एलायजाचा धाकटा. पोझो सेकोचा."

"टूसॉनवाल्यांना धूर विकतोस तो?"

"तोच."

"मग बस. ऐकलंय तुझं."

"काय ऐकलंय?"

"सगळं."

डेल्मर बसला. तिने त्याला बराच वेळ बसवून ठेवलं, घेवडा वाढला, लाल मिरचीतलं मांस वाढलं, आणि झाड तोडल्याची हकिगत त्याच्याकडून पहिल्यापासून वदवून घेतली. डबा वाळूने घासला तिथे ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मग नातीला हाक मारून तिने आतून फडक्यात बांधलेलं काहीतरी मागवलं. बरणीच्या झाकणात वाळून बसलेला काळा गोळा होता, मुठीएवढा, काचेसारखा चकचकीत.

"माझ्या आईने आटवलेलं. काकवीसारखं होईपर्यंत आटवायचं, मग वाळवायचं. पन्नास वर्षांनीसुद्धा पाण्यात टाकलं की जागं होतं. मी आता काढत नाही. ही नात म्हणते, शिकेन कधीतरी." तिने नातीकडे बघितलं, नात फोनमध्ये बघत होती. "कधीतरी म्हणजे काय ते तुलाही कळतं आणि मलाही कळतं. पण म्हणाली आहे, म्हणून अर्धं तिचं."

उरलेलं अर्धं तिने सुरी लावून, वर दगड मारून तोडलं आणि त्याच्या हातावर ठेवलं.

डेल्मरने खिशात हात घातला. "किती द्यायचे?"

"पैसे काढलेस तर कुत्रं सोडीन."

कुत्र्याने एक डोळा उघडून मिटला.

"काळं नेतोयस, काळंच आणायचं. एवढंच. आणि अर्सुलाने नाही, तू आणायचं. झाड तू पाडलंस."

"आणतो."

"कधी?"

"मिळालं की."

"हे उत्तर माझ्या नातीने शिकवलं का तुला?" तिबुर्सिया म्हणाली. पण गोळा तिने परत मागितला नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात अर्सुलाने काळं भिजत घातलं. तोवर डाव्या डोळ्याला फक्त उजेड आणि सावली एवढंच उरलं होतं. माणूस समोर आला तर भिंत सरकल्यासारखं वाटे. डेल्मरने मडकं मांडवाखाली चुंबळीवर ठेवून दिलं. तिने एका काडीचं टोक चावून कुंचल्यासारखं केलं आणि मांडवाच्या खांबाला गुडघा लावून बसली. पहिला डोंगर खांबासमोर काढायचा, मग मडकं न हलवता आपणच त्याच्याभोवती सरकत जायचं आणि अकरा डोंगर करून परत खांबाशी यायचं, असा तिने हिशोब बांधला. कुठवर आलो ते खांबावरून मोजायचं.

"वहिनी, जमेल का?"

"डोळा नाही ते बरंय. डोळा मधेमधे करतो. आई शेवटी शेवटी बघतच नव्हती. हात चालतो तिकडे जाऊ द्यायचं."

आणि हात चालला. डेल्मर समोर बसून बघत होता. न थांबता पायरी, पायरी, पायरी, मग ओढा. लावताना हे काळं काळं नसतं. लाल मडक्यावर चहाचा ओघळ पडावा तसं फिकं दिसतं, आणि वाळलं की तेवढंही दिसत नाही. काळं जाळातच उमटतं, हे तिचं नेहमीचं वाक्य. सहा डोंगर झाले. मग तिचे हात थरथरायला लागले, साखर उतरली होती. डेल्मरने तिला आत नेऊन निजवलं, संत्र्याचा रस दिला.

तो बाहेर आला तेव्हा मांडवाच्या कडेने ऊन मडक्यावर आलं होतं. ओल्या रंगाला ऊन लागलं की तो तडकतो, हे तिनेच कधीतरी सांगितलेलं त्याला आठवलं. त्याने मडकं तान्ह्या पोरासारखं उचललं, सावलीत नेऊन ठेवलं. तासाभराने ऊन सरकलं तेव्हा परत आणून चुंबळीवर ठेवलं, होतं तसंच. निदान त्याला तसं वाटलं. आयुष्यात एकदा तरी आपल्याला वेळेवर सुचलं, असंही वाटलं.

अर्सुला उठून आली, खांब चाचपला, सहा डोंगरांएवढं सरकून बसली आणि उरलेले पाच काढले. पाचव्याचा ओढा संपवून तिने काडी खाली ठेवली.

"बसला असेल पहिल्याच्या पाठीला," ती म्हणाली. वाटीत काळं शिल्लक नव्हतं. तिने बोट फिरवून वाटी पुसली आणि ते बोट सवयीने एप्रनला पुसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा पडलेला होता. डेल्मरने निखारे केले. मडकं उचलताना त्याला कुठेच रेष दिसली नाही. पण काळं जाळातच उमटतं, तेव्हा तो गप्प राहिला. जाळ लावणं त्याचं, हुकूम तिचा. ती खुर्चीवर बसून निखाऱ्यांचा आवाज ऐकत होती. "आता ढीग कमी कर. अजून. राहू दे. आता काढ."

त्याने दोन काठ्यांनी मडकं बाहेर घेतलं आणि राखेवर ठेवलं. काळं उमटलं होतं. असं काळं, की बघणाऱ्याने हात लावून बघावं ओलं आहे का. एका बाजूला डोंगरावर डोंगर चढले होते, एका ओढ्यातून दुसरा ओढा आडवा गेला होता, पायऱ्या कुठल्या कोणाच्या ते कळत नव्हतं, नुसतं जाळं. आणि दुसरी बाजू जवळजवळ अर्धी कोरी लाल.

"बोल," अर्सुला म्हणाली.

डेल्मर मडक्याभोवती एक चक्कर मारून आला.

"तोंड तिरकं झालंय. नेहमीसारखं."

"तोंडाला काही झालेलं नाही. मी चाचपलंय. नक्षीचं बोल."

डेल्मर काठीने राख सारखी करायला लागला.

"डेल्मर, मला बघता येत नाही. तुलाच बोलावं लागेल."

"एका बाजूला रेषांवर रेषा गेल्यात. दुसरी बाजू कोरी आहे."

अर्सुलाने मान हलवली. मांडीवर ठेवलेला उजवा हात तिने डाव्या हातात घेतला, दुसऱ्या कोणाचा असावा तसा.

"म्हणजे हात पण गेला," ती म्हणाली.

हे तो ऐकून तसंच सोडून देऊ शकला असता. तिने दुसरं काही विचारलं नव्हतं. निखारे विझत होते, काम संपलं होतं. डेल्मरने टोपी काढली, परत घातली.

"हात नाही गेला. मी मडकं उचललं होतं. तुम्ही आत होता तेव्हा. ऊन आलं होतं."

"परत ठेवलंस ना?"

"ठेवलं. फिरलं असणार."

"किती?"

"अर्धं."

तिने हवेत बोटाने काहीतरी मोजलं; सहा इकडे, पाच त्यावर.

"मग बरोबर आहे," ती म्हणाली. "हात शाबूत आहे."

मग लगेच कामाचं बोलायला लागली. मडकं परत कडक जाळात घालायचं. जाळ मोठा झाला की काळं उडून जातं, मडकं कोरं लाल निघतं. मग नव्याने काढायचं. खांबाला खूण नको, मडक्याच्या काठालाच दोरा बांधू. हात चालतोय तोवर काढून घेऊ.

"आणि काळं?" डेल्मरने विचारलं.

"ते तू बघ. पण पहिलं येईल ते तिबुर्सियाचं. तिला शब्द दिलायस."

"वहिनी, पहिलं तुम्ही वापरा. तिची नात काय पळून जाते का?"

"नाही. आधी तिचं. आपलं नंतर."

दुपारी डेल्मरने मोठा जाळ केला. मडकं निघालं ते स्वच्छ लाल, जानेवारीत होतं तसं. त्या दिवशी दोघांनाही ते शहाणपणाचं काम वाटलं.

काळं मिळालं नाही. जूनमध्ये नाही, जुलैमध्येही नाही. ऑगस्टात त्याला उत्तरेकडे डोंगरापायथ्याला एक चिरलेलं झाड सापडलं, खोडावर हातभर काळा डाग. तो डबा घेऊन चार वेळा गेला. डाग जुना होता, झाड आतून पोकळ होतं आणि पोकळीत मुंग्या होत्या. फळं पिकली, उतरली, वाळली. डावा डोळा त्याआधीच गेला होता.

हात विसरू नये म्हणून अर्सुला रोज सकाळी कॉफीनंतर ओल्या बोटाने टेबलावर नक्षी काढायची. डेल्मर असला की त्याला मोजायला लावायची. अकरा यायचे. सप्टेंबरात कधी नऊ यायचे, कधी तेरा. ती म्हणायची, टेबल चौकोनी आहे, गोलावर बरोबर येईल. ऑक्टोबरात एका सकाळी तिने तीन पायऱ्या काढल्या आणि बोट तिथेच राहिलं. पाणी वाळून गेलं.

"डेल्मर, इथून ओढा कुठल्या अंगाला वळतो रे?"

डेल्मरने टेबलाकडे बघितलं. चाळीस वर्षं त्याने त्या नक्षीच्या मडक्यांची तोंडं तिरकी म्हटली होती, पोटं मोठी म्हटली होती. मग त्याला जूनमधलं ते जाळं आठवलं. तासभर ते त्याच्यासमोर राखेवर होतं. गुंता होता, पण त्या गुंत्यात सगळं होतं, प्रत्येक ओढा, प्रत्येक वळण. एक फोटो काढला असता तर कोणीतरी बसून रेषा वेगळ्या केल्या असत्या. फोन तेव्हा त्याच्या खिशातच होता.

"डावीकडे," तो म्हणाला. अंदाजाने.

अर्सुलाने बोट डावीकडे नेलं, थांबली, पुसून टाकलं.

"नाही," ती म्हणाली. "तसं नाही वाटत."

त्यानंतर तिने टेबलावर काढणं सोडलं. डेल्मरनेही विषय काढला नाही. मडकं आता मांडवाखाली असतं, पाणी भरलेलं, वर बशी झाकलेली. पाणी गार राहतं. व्हर्लीन नाताळच्या आधी दोन दिवस येऊन गेली, त्यातलं पाणी प्यायली आणि म्हणाली, "आई, छान आहे गं, साधं आहे ते बरं." अर्सुला म्हणाली, "घेऊन जा." व्हर्लीन म्हणाली, गाडीत फुटेल, पुढच्या वेळी.

जानेवारीत डेल्मर टूसॉनच्या वाटेवर पेट्रोल भरत होता तेव्हा शेजारच्या गाडीतून एका मुलीने काच खाली केली. तिबुर्सियाची नात होती.

"आजी विचारत होती."

"काय?"

"तुम्हाला माहितेय म्हणाली."

ट्रकमध्ये मागे वाळकं मेस्किट भरलेलं होतं, दोरीने आवळून, हॉटेलवाल्यासाठी. डेल्मरने नळी जागेवर लावली आणि हात पॅन्टला पुसले.

"सांग तिला, अर्धा गोळा माझ्याकडे आहे," तो म्हणाला. "म्हणजे, द्यायचा आहे असं सांग. आहे असं नको सांगूस."